गोलासमोरची आवणी

आषाढ सरत आला होता आणि बोरदऱ्यातली भाताची आवणी उरकत आली होती. त्या दिवसांत एका सकाळी फुटबॉलच्या मैदानात, ओढ्याकडच्या गोलासमोर, कुणीतरी भाताची रोपं लावून ठेवलेली दिसली. चांगल्या पाच ओळी. लावणाराचा हात कसलेला होता. ओळी सुतात, अंतर बरोबर, दोन खांबांच्या मधोमध हिरवीगार आवणी.

चंद्रभागा ओढ्यावरून धुणं घेऊन येत होती. तिला वाटलं, नवऱ्याच्या नजरेला पडायच्या आत उपटून टाकावीत. पण मल्हारी आधीच तिथं उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडलेली, घोट्याच्या वर पाणी. बांधावर दोन-चार माणसं उभी होती, त्यांत शेजारच्या भातखाचराचा मालक पुंजा होता.

"औंदा क्लबला किती पोती व्हतील, मल्हारी?" पुंजानं विचारलं. बाकीचे खाली बघून हसले.

मल्हारी रोपांपाशी गेला. वाकून त्यानं एकेक रोप उपटलं, मुळं पाण्यात खळबळून धुतली, जुडी बांधली आणि ती घेऊन घरच्या वाटेला लागला. चंद्रभागा मागून चालत होती. फेका की ती, असं ती म्हणाली तेव्हा तो एवढंच म्हणाला, की रोपानं कुणाचं काय वाईट केलंय. संध्याकाळी त्यानं ती आपल्या खाचरात, जिथं खेकड्यांनी रोपं तोडली होती तिथं लावली. रात्री भाकरी अर्धीच मोडली आणि ताट सरकवलं.

घोटीच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी बोरदरा. इथली माणसं पूर्वी इगतपुरीला रेल्वेत कामाला लागली आणि तिथून फुटबॉल घेऊन आली. बाकी गावं कबड्डी खेळत होती तेव्हापासून बोरदऱ्यात भैरवनाथ फुटबॉल क्लब होता. देवळात देवाच्या पालखीशेजारी क्लबचा कप ठेवलेला असे आणि पुजारी दोन्हीला रोज फूल वाही. मल्हारी तरुणपणी गोलात उभा राहायचा. गुडघा गेल्यावर खेळ सुटला, पण मैदान सुटलं नाही. दोरी धरून चुन्याच्या रेषा मारायच्या त्या त्यानंच, जाळीची भोकं विणायची ती त्यानंच.

मैदान मात्र नावालाच मैदान. ओढ्याकाठचं गायरान. गुरांच्या खुरांचे खळगे, मध्येच डोकं काढलेले धोंडे आणि ओढ्याकडच्या बाजूला म्हशी लोळून लोळून झालेला खोलगट डबरा. गेल्या साली नाशिकच्या संघाचा एक गडी त्या डबऱ्यात पडला आणि त्याचा पाय मोडला. मग जिल्ह्याच्या संघटनेचं पत्र आलं. मैदान नीट झालं तर ठीक, नाहीतर बोरदऱ्याचे घरचे सामने इथून पुढं नाशिकला व्हायचे. एकदा गेले की गेलेच, हे सगळ्यांना कळत होतं. नाशिकला टेम्पो करून खेळायला जाणारा क्लब किती दिवस टिकणार?

क्लबचा कप्तान शेखर पत्र घेऊन मल्हारीकडं आला. जमीन समान करण्यात मल्हारीसारखा माणूस पाच गावांत नव्हता. आवणीच्या दिवसांत त्याला लोक बोलावून न्यायचे. त्यानं चिखलणी केलेल्या खाचरात पाणी ताटातल्यासारखं एकसारखं उभं राही. मल्हारीला हुरूप आला. ज्येष्ठाच्या अखेरीला त्यानं मैदानाला चारी बाजूंनी बांध घातला, ओढ्याचं पाणी आत घेतलं आणि बैल जुंपले. तीन दिवस चिखल तुडवला, वर फळी फिरवली. उंचवटा पाण्याबाहेर दिसला की तिथली माती खोलगटात ओढली. मग पाणी सोडून दिलं. चार दिवसांची उघडीप मिळाली आणि मैदान असं सुकलं, की लोक मुद्दाम बघायला आले. शेखरनं मधोमध चेंडू ठेवला, तो जागचा हलला नाही.

आणि मग आषाढातला सामना. आदल्या दिवसापासून पाऊस लागला आणि मैदानात घोट्यापर्यंत पाणी चढलं. बांध फोडले तरी ते जाईना. नाशिकचा संघ टेम्पोतून उतरला आणि बघतच राहिला. चेंडू पाण्यावर तरंगत होता. बेडूक ओरडत होते, ओढ्यावरचे बगळे गोलाजवळ येऊन उभे होते. संघटनेचे साहेब, पाहणीवाले आणि पंच दोन्ही तेच, छत्री धरून काठावरच थांबले. त्यांनी सांगितलं, गणपतीनंतरच्या रविवारी सामना पुन्हा ठेवतो, तेवढी एक संधी. तेव्हाही असंच असेल तर पुन्हा यायची गरज नाही.

त्यानंतर मैदानाला लोक मल्हारीचं तळं म्हणू लागले. आणि मग ती रोपं.

मल्हारीनं बाहेर जाणंच सोडलं. आवणीची शेवटची खाचरं राहिली होती, फळी फिरवायला बोलावणी येत होती. गुडघा दुखतोय म्हणून तो प्रत्येकाला परत पाठवत होता. ओटीवर बसून सुंभ वळत राहायचा. घरात आता लागणार नाही एवढं सुंभ झालं होतं. चंद्रभागा त्याच्यापुढं चहा ठेवी, तो निवून जाई. हा माणूस भांडला असता, शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याचं हे खाली मान घालून बसणं तिला बघवत नव्हतं.

श्रावणातला पहिला सोमवार आला. चंद्रभागेचा उपास होता. सकाळी महादेवाला पाणी घालून ती डोंगरउतारावरच्या नागलीत, म्हणजे नाचणीच्या रानात, निंदायला गेली. सासूबाई, बयाबाई, सोबत होत्या. वय झालं होतं, पण खुरपं हातातून सुटत नव्हतं. दुपारी पाऊस असा कोसळला, की इरल्याखाली बसूनही दोघी भिजल्या. घटकाभरानं तो थांबला. चंद्रभागा उठली, पुन्हा ओळीला बसली आणि तिच्या ध्यानात आलं, की पायाखाली चिखल नाही. टाच जेमतेम बोटभर रुतत होती. एवढं पाणी आलं आणि गेलं.

तिनं खाली पाहिलं. दरीत मैदान पसरट परातीसारखं चमकत होतं.

"आत्याबाई, नागलीत पाणी का थांबत नाय?" तिनं विचारलं.

बयाबाई हसल्या. असला प्रश्न लेकरांनी विचारावा. "थांबलं तर नागली कुजंल ना. भाताला पाणी धरायचं, नागलीला वाट द्यायची."

चंद्रभागा तशीच उतरून मैदानात गेली. साडी खोचली, पाण्यात बसली आणि खुरप्यानं उकरू लागली. चार बोटं गाळ निघाला. त्याखाली खुरपं खणकन वाजलं. भाजलेल्या मडक्यासारखा टणक थर. इथं उकरलं, तिथं उकरलं, सगळीकडं तोच. बांधावरून जाणाऱ्या भागुबाईनं विचारलं, काय गं, खेकडं धरतीस का उपासाच्या दिवशी? चंद्रभागा उकरतच राहिली. त्या थराचा एक तुकडा पदरात घेऊन ती घरी आली आणि मल्हारीच्या सुंभावर ठेवला.

त्यानं तो हातात घेतला, बोटानं दाबला, नखानं खरवडला. त्याला लगेच कळलं. चिखलणी करतातच कशाला? खालची माती बसावी, तिच्यातून पाणी झिरपू नये म्हणून. आयुष्यभर त्यानं तेच केलं होतं आणि चांगलं केलं होतं. इतकं चांगलं, की गायरानाचं खाचर झालं होतं.

"पाणी धरायचंच काम केलं मी," तो हळूच म्हणाला.

"आता वाट द्यायची," चंद्रभागा म्हणाली. "मधोमध माथा उचलायचा, हातभर. दोन्ही अंगांना उतार. खालून चर. नागलीच्या रानावानी."

"म्हंजे सगळं मोडायचं."

"मोडायचं. आन् तुमीच मोडा. दुसऱ्यानं पहार घातली तर तुमाला सोसायचं नाय."

त्यानं तुकडा खाली ठेवला. मग उठला आणि माळ्यावरून पहार काढली.

दुसऱ्या दिवशी मल्हारी एकटाच मैदानात पहार मारत होता. तिसऱ्या दिवशी शेखर आला. आला तो जरा तिरपाच बोलत, तात्या, एकदा तुमच्यावर सोडलं आणि काय झालं ते बघितलं, असं. मल्हारी पहार मारत राहिला. चंद्रभागेनं शेखरला नागलीच्या रानात नेलं, भर पावसात अनवाणी उभं केलं आणि मग मैदानात आणून उभं केलं. शेखर तसाच गावात गेला. संध्याकाळी क्लबचे अकराच्या अकरा गडी टिकाव घेऊन आले.

आठ दिवस ते खणत होते. मैदानाच्या लांबीनं पाच चर, कमरेइतके खोल, ओढ्याच्या अंगाला उतरते, तोंडाशी छातीइतके. गाभ्यात गोटे भरायचे, वर बारीक खडी, वर मुरूम. धोंडे मैदानातलेच वापरले, चिखलणीच्या वेळी कडेला काढलेले. इतकी वर्षं ज्यांना ठेचकाळले ते धोंडे शेवटी गाडले गेले, म्हणून पोरं खूश. डोंगरकड्याचा मुरूम बैलगाडीनं आला आणि माथा चढू लागला. मल्हारी आता बोलू लागला होता, म्हणजे ओरडू लागला होता. इथं जास्त झालं, तिथं कमी, घमेलं असं नाही तसं ओत. एका पोराच्या हातातून त्यानं फावडं हिसकावून घेतलं तेव्हा चंद्रभागेनं देवाला हात जोडले.

पण नुसता मुरूम धुपणार, हे त्यालाही कळत होतं, तिलाही. धरून ठेवणारं काहीतरी हवं. आणि पाच आठवड्यांत धरेल, तुडवलं तरी मरणार नाही असं एकच होतं. हराळी.

हे तिनं बायकांना सांगितलं तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली. जन्मभर बांधावर बसून जिची मुळं उपटली, जिच्या नावानं बोटं मोडली, ती हराळी आता वाकून लावायची. भागुबाईनं डोळे पुसत विचारलं, मग गाजरगवत कधी लावायचंय?

चंद्रभागा हसण्यात सामील झाली आणि मग आपल्या हळू आवाजात म्हणाली, की तिला सावड परत हवी आहे. आवणीला ती सोळा घरांच्या खाचरांत राबली होती. आपल्याकडं कुणी राबलं, की त्याच्याकडं आपण राबायचं, हा गावाचा रिवाज. तिचं स्वतःचं खाचर ते केवढं, तीन बायकांत अर्ध्या दिवसात उरकलं होतं. बाकी घरांचे दिवस यायचे राहिले होते.

भागुबाईचं हसू थांबलं. "सावड शेताला असती, चंद्रे. पोरांनी लाथा मारायच्या जागंला नसती. उद्या म्हणशील, देवळाच्या पायऱ्या घासा."

"दिवस माझा हाय ना, वहिनी? मग तो कुठं घालायचा, ते मी सांगन."

भागुबाई निघून गेली. इतर बायकाही एकमेकींकडं बघत उठल्या. चंद्रभागेला रात्रभर डोळा लागला नाही. रिवाज वाकवला असं म्हणतील. एक जरी घर आलं नाही, तरी बाकीच्यांना कारण मिळेल आणि मग मल्हारीच्या तळ्यापाठोपाठ हिचीही गोष्ट गावभर होईल.

सकाळी ती देवाला दिवा लावून पाटी घेऊन मैदानावर गेली. कुणीच नव्हतं. मल्हारीनं काल माथ्यावर दोरी ताणून ठेवली होती. तिनं हराळीची पहिली जुडी काढली, हळदीकुंकवाचं बोट लावलं, म्हटलं गणपतीच्या डोक्यावर वाहतो ती दूर्वा हीच, हिला काय कमी लेखायचं. आणि दोरीला लागून ती एकटीच लावू लागली. दहा हात लावून झाली असेल तोच मागून आवाज आला.

"अशी विरळ लावलीस तर पोरांच्या पोरांना खेळायला मिळंल."

भागुबाई होती. डोक्यावर भली मोठी पाटी, पाटीत हराळी. मागून मंगळूच्या घरच्या दोघी, मग वरच्या आळीच्या, मग देवळाजवळच्या. बांध साफ करायला आयतंच निमित्त मिळालं म्हणून प्रत्येकीनं आपापल्या शेताची हराळी भरभरून आणली होती. पंचवीस-तीस बायका माथ्यावर ओळीत उभ्या राहिल्या, वाकल्या आणि आवणी करावी तशा मागं सरकत लावू लागल्या. बारीक पाऊस लागला होता. कुणीतरी गाणं उचललं. बयाबाई काठावर बसून मुळ्या निवडून देत होत्या. शेखर आणि पोरं पाट्या वाहत होती, बायका त्यांना पाय कुठं टाकायचा ते सांगत होत्या आणि नाही ऐकलं तर आईवरून बोलत होत्या.

दुपारी पुंजा आला. बांधावर हात कमरेवर ठेवून उभा. आपल्या खाचराला लागून हराळी लावलेली कुठल्या शेतकऱ्याला चालेल? तो म्हणाला, ही उद्या माझ्या भातात शिरली तर कुणाला धरू? खरं तर त्याचं चूक नव्हतं. चंद्रभागा उठून त्याच्याजवळ गेली. तुमच्या बांधालगतचा चर दर महिन्याला मी हातानं साफ करीन, एक काडी पलीकडं आली तर मला बोलवा, असं तिनं सांगितलं. पुंजा तरी घुटमळत राहिला. मग तिनं तसंच शांतपणे विचारलं, गोलासमोर रोपं लावली तो हात फार चांगला होता, तुमच्या ओळखीचा आहे का? इथं दोन ओळी राहिल्यात.

पुंजाचे कान लाल झाले. तो गेला. तासाभरानं त्याची बायको आणि सून पाटी घेऊन आल्या.

पाच आठवडे गुरं आवरणं हेच काम झालं. मल्हारी काठी घेऊन बसलेला असे. हराळीनं मूळ धरलं, डोळे फुटले, धागे सुटले, मुरमाची तांबडी पाठ हळूहळू झाकत गेली. गणपती आले आणि गेले. सामना रविवारी, आणि शुक्रवारपासून पाऊस. शनिवारी रात्रभर. ओढा दोन्ही थडी भरून वाहत होता.

रविवारी मल्हारी घरातून हलेना. तू जा, म्हणाला. चंद्रभागेनं आग्रह केला नाही.

साहेब टेम्पोतून उतरले आणि छत्री उघडून सरळ माथ्यावर चालत गेले. टाचेनं दाबून बघितलं. चेंडू वर फेकला, तो उसळला. चेंडू सरपटवला, तो पळाला. पाऊस पडतच होता आणि पाणी थांबत नव्हतं. मग ते कडेला आले, चराच्या तोंडाशी वाकले आणि ऐकू लागले. आत पाणी खळखळत चाललं होतं. त्यांनी वही काढली नाही. खेळून बघू, म्हणाले, आणि शिट्टी दिली.

सगळा गाव बांधावर होता. चंद्रभागेला खेळातलं काही कळत नव्हतं. ती चेंडू बघतच नव्हती, पाय बघत होती. बूट रुतला की तिचा जीव वर येई, गवत टिकलं की भांड्यात पडे. असा निम्मा खेळ झाला. आणि मग ओढ्याकडच्या कोपऱ्यात तिला चमक दिसली. पाणी. आधी ताटलीएवढं, मग परातीएवढं. शेवटच्या चराचं तोंड तुंबलं होतं. भागुबाईनं तिचा दंड धरला. नाशिकच्या एका गड्यानं त्या पाण्यात मुद्दाम पाय आपटून दाखवला. साहेबांनी कोपऱ्याकडं बघितलं, मग घड्याळाकडं, आणि शिट्टी तोंडाशी नेली.

बांधावरच्या गर्दीतून कुणीतरी वाट काढत आलं. मल्हारी होता. घरी बसलाय असं वाटत होतं, तो माणूस इतका वेळ ओढ्याच्या कडेनं फिरत एकेक चर बघत आला होता. हातातली कुदळ टाकून तो चराच्या तोंडात उतरला, छातीपर्यंत. श्वास घेऊन खाली बुडी मारली. वर आला तेव्हा हातात वाहून आलेल्या काटक्यांचा, पाल्याचा गठ्ठा होता. पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तो वर यायच्या आधीच आवाज झाला, म्हशीनं पाणी ओढावं तसा. कोपऱ्यातलं पाणी आधी गरगरलं, मग आकसलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेलं. खाली हिरवी हराळी जशीच्या तशी उभी होती.

गाव ओरडला. तोवर एकही गोल झाला नव्हता, पण असा आवाज त्या मैदानावर कुठल्या गोललाही झाला नसेल. पुंजानं डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली. शिट्टी साहेबांच्या तोंडाशीच राहिली होती. त्यांनी ती खाली घेतली आणि खेळ चालू ठेवा अशी खूण केली.

पुढं शेखरनं गोल केला, एकच, आणि तेवढा पुरला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

साहेब वही काढून मल्हारीपाशी आले. तो काठावर बसून अंगावरचा गाळ निपटत होता. मैदान खेळायला योग्य असं लिहितो, त्यांनी सांगितलं. घरचे सामने इथंच होतील. आमचंही नाशिकचं मैदान पावसात तुंबतं. हे कुणी केलं, नाव सांगा.

शेखर पुढं होऊन क्लबचं नाव सांगणार होता. मल्हारीनं हात वर करून त्याला थांबवलं आणि उभा राहिला. सगळे ऐकत होते.

"बिघडवलं मी," तो म्हणाला. "केलं हिनं."

त्यानं चंद्रभागेकडं बोट केलं. एवढ्या लोकांत त्यानं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं. ती पदर सावरत पुढं आली. साहेबांनी तिचं नाव विचारलं, वहीत लिहिलं आणि विचारलं, बाई, आणखी काही सांगायचंय का?

"आठ दिवस या हराळीवर कुणी खेळायचं नाय," ती म्हणाली. "मूळ दुखावलंय."

साहेबांनी तेही लिहून घेतलं. मग त्यांना वाटलं ती घरी जाईल, पण चंद्रभागा चपला काढून मैदानात शिरली. जिथं बुटांनी हराळी उचकटली होती तिथं टाचेनं ती परत दाबू लागली. मागून भागुबाई आली, मग बाकीच्या. शेखरनं बूट काढले. जरा वेळानं नाशिकची पोरंही बूट काढून उतरली आणि मल्हारी त्यांच्यावर ओरडू लागला, पाय असा नाही, असा.